मुका टायर

साडू हे नातं ज्याने कोणी शोधून काढलं, त्याला स्वतःला साडू नसणार, हे मी लिहून देतो. भावाशी भांडून वेगळं राहता येतं. शेजाऱ्याशी बोलणं टाकता येतं. साडूचं काय करणार? दोन सख्ख्या बहिणी, एकच सासुरवाडी, आणि सासऱ्यांच्या हातात कायम तराजू. थोरला जावई असा, धाकटा तसा. मी धाकटा.

बरं, साडू दुसऱ्या कुठल्या धंद्यात असता तर एक वेळ निभावलं असतं. पण हा माझ्याच कारखान्यात. खरं बोलायचं तर मी त्याच्या कारखान्यात, कारण मला तिथे चिकटवलं त्यानेच. लग्न ठरलं तेव्हा मी एका गॅरेजमध्ये होतो. त्याने आपल्या साहेबांकडे शब्द टाकला आणि पुढच्या महिन्यात मी टायरच्या कारखान्यात लागलो. सासरे वारले तोपर्यंत दर भेटीत मला विचारायचे, काय, थोरल्यांनी लावलेली नोकरी कशी चाललीय? माझी नोकरी कशी चाललीय, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

तो नक्षी विभागात. टायरच्या पाठीवर ज्या खाचा आणि ठोकळे असतात, त्याला आम्ही नक्षी म्हणतो. तो ती कागदावर काढायचा. मी मोल्ड शॉपमध्ये जोडारी. त्याच्या कागदाप्रमाणे लोखंडी साचा जोडायचा, त्या साच्यात कच्चा टायर शिजायचा आणि नक्षी घेऊन बाहेर पडायचा. त्याचा शर्ट संध्याकाळी घरी जातानाही पांढरा. माझ्या नखांतलं काळं माझ्या लेकीच्या लग्नातसुद्धा निघालं नाही. त्याच्या कानावर सदा पेन्सिल, म्हणून सगळे त्याला पेन्सिल म्हणायचे, प्रेमाने. मला कानस म्हणायचे. त्यात प्रेम नव्हतं.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत आलो. मनात मात्र पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. तो मला सरळ अरे म्हणतो, वयाने दोनच वर्षं मोठा असून.

तर गोष्ट अशी, की कंपनीला साठ वर्षं झाली आणि मालकांच्या नातवाच्या डोक्यात आलं की आपला इतिहास छापावा. त्यासाठी एक लेखिकाबाई नेमल्या. कॅन्टीनच्या शेजारची खोली त्यांना दिली, एक टेबल, एक पंखा, आणि जुन्या माणसांना एकेक करून बोलावणं. मला रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. साडूला चार. मला बोलावणं आलं तेव्हा पहिला प्रश्न मी निरोप आणणाऱ्याला विचारला, पेन्सिल येऊन गेला का? तो म्हणाला, त्यांना सगळ्यात शेवटी बोलावणार आहेत, त्यांच्यावर आख्खं प्रकरण आहे. आख्खं प्रकरण! आणि माझ्यासाठी अर्धा तास ठेवला होता.

बाई पन्नाशीच्या, शांत, भराभर लिहिणाऱ्या. म्हणाल्या, पहिल्यापासून सांगा. मी सांगितलं. थोरल्या मालकांची पत्र्याची शेड, सायकलच्या ट्यूबला ठिगळं लावायचं काम. ठिगळं लावून कंटाळले तेव्हा त्यांनी स्वतः टायर करायचा ठरवला, आणि पहिला टायर एका धोबीखान्यातल्या मोडीत निघालेल्या बॉयलरमध्ये शिजवला. अर्धा कच्चा, अर्धा करपलेला. मग रबरात काजळी जास्त घातली तर टायर दुप्पट टिकतो, हा शोध. ऑफिसातल्या पाटीवर लिहिलंय, 'दीर्घ संशोधनाअंती'. संशोधन कसलं डोंबलाचं. काजळी मोजणाऱ्या म्हाताऱ्याला चष्मा लागला होता आणि तो कुणाला सांगत नव्हता. त्याने दुप्पट घातली. मग आत सुती कापडाऐवजी नायलॉन आलं. गाडी एका जागी उभी राहिली की नायलॉनचा टायर खालून चपटा व्हायचा, आणि सकाळी पहिला मैलभर ड्रायव्हरला वाटायचं आपल्या गाडीला उचक्या लागल्यात. मग पोलादी तारा आल्या, मग ट्यूबच गेली. बाई हसत होत्या, लिहीत होत्या. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. मग त्यांनी विचारलं, "आणि मुका?"

तेवीस वर्षं मी वाट बघत होतो की हे कोणीतरी मला विचारावं.

मुका म्हणजे आमच्या कंपनीचा सगळ्यात नावाजलेला टायर. त्याच्याआधी आमचे टायर रडायचे. आवाज करणाऱ्या टायरला आम्ही रडका म्हणतो. नक्षीतले ठोकळे सारख्या अंतराने रस्त्यावर आपटतात, आणि सारख्या अंतराने काहीही आपटलं की त्याचा एक सूर लागतो. गाडीत बसलेल्याला तासभर तेच घूंऽऽ ऐकून डोकं उठतं. आमच्या पेन्सिलने त्यावर तोडगा काढला: ठोकळे एकाच मापाचे नकोत, तीन मापांचे घेऊ. साच्यात आतून नक्षीचे लोखंडी तुकडे बसवायचे असतात, त्यांना आम्ही पाकळ्या म्हणतो. साठ पाकळ्या, वीस लहान, वीस मधल्या, वीस मोठ्या. त्याच्या कागदावर क्रम लिहिलेला: लहान, मधली, मोठी, पुन्हा लहान, मधली, मोठी, असा गोल फिरून शेवटपर्यंत. पहिल्या चाचणीत टायर रडलाच. फक्त सूर बदलला.

साहेब म्हणाले, आणखी एक संधी. त्याने खाचांची खोली बदलली, नव्या पाकळ्या पाडून घेतल्या, क्रम तोच. हा टायर चालला तर पेन्सिल विभागाचा प्रमुख होणार, हे चहावाल्यालाही माहीत होतं. माझ्या घरीही माहीत होतं, कारण सासऱ्यांनी फोन करून सांगितलं होतं. साचा जोडायचा माझ्याकडे होता. पाकळ्यांची परात घेऊन तो स्वतः आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तुझ्या हातावर माझा भरवसा आहे.

आता मला सांगा, हे म्हणायची काय गरज होती? शिव्या दिल्या असत्या तर मी साचा मुकाट जोडला असता. तो गेला, आणि माझ्या पोटात असं काही पेटलं की मला समोरचं दिसेना. अकरा वर्षं मी याच्या चित्रांना लोखंडाचं करतोय, आणि वर चढणार हा. मी परात टेबलावर उलटी केली. पाकळ्या एकमेकींत मिसळून टाकल्या. मग हाताला येईल ती उचलायची आणि बसवायची. कुठे तीन लहान ओळीने, कुठे मोठीला मोठी चिकटलेली. साठ पाकळ्या त्याच, म्हणून वर्तुळ बरोबर पुरं झालं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं कारण नव्हतं. नंबर पाठीवर असतात, ते साचा उघडल्याशिवाय दिसत नाहीत. माझी खात्री होती, असा टायर गाडीला लागला की गाडी थरथर कापेल आणि नुसती रडणार नाही, टाहो फोडेल. सगळ्यांसमोर पेन्सिलचं टोक मोडलं की झालं, एवढंच मला हवं होतं.

चाचणीच्या दिवशी मी चहाचा कप घेऊन फाटकाजवळ जाऊन उभा राहिलो. टाहो जवळून ऐकायचा होता. कारखान्याच्या आवारात गाडीला फेरी मारायला लांब रस्ता आहे. साहेब आत, साडू आत. मी कान लावून उभा. काहीच ऐकू येईना, मला वाटलं अजून निघालेच नाहीत. आणि बघतो तर गाडी माझ्या कोपराजवळून निघून गेली. आली कधी, गेली कधी, कळलंच नाही. चहा माझ्या हातावर सांडला. करायला गेले काय आणि वरती झाले पाय, ते असं.

दुसऱ्या दिवशी साडू मोल्ड शॉपमध्ये आला. याच नक्षीचे आणखी साचे करायचे होते, त्यासाठी म्हणे पाकळ्या तपासायच्या. मी साचा उघडला. दुसरं काय करणार? तो एकेक पाकळी काढून पाठीवरचा नंबर वहीत लिहू लागला. पाच-सहा झाल्यावर त्याचा हात थांबला. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मग त्याने मान खाली घातली आणि उरलेल्या सगळ्या लिहून काढल्या. वही मिटून निघून गेला. आठवड्याने नवीन कागद आला, त्यावर माझा तो वेडावाकडा क्रम जसाच्या तसा, आणि खाली त्याची सही.

तेव्हापासून तो शोध त्याचा. प्रमुख झाला, ऑफिसच्या जिन्यात फोटो लागला, मुका टायर हातात धरलेला. परदेशच्या लोकांसमोर भाषणं झाली. आणि मी? चोरीचा मामला, हळूच बोंबला. बोंबलायचं तर आधी सांगावं लागेल की मी साचा मुद्दाम बिघडवला, आणि त्याची शिक्षा आमच्याकडे एकच, त्याच दिवशी घरी. त्या नजरेचा मी लावलेला अर्थ सरळ होता: तू गप्प, मी गप्प, आणि शोध माझा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी तेवीस वर्षं खाल्ला. कारखान्यात बोलायची चोरी, म्हणून घरी जेवताना बोलायचो. काय बिघडवलं ते सोडून बाकी सगळं बायकोला सांगायचो. तुझा भावोजी चोर आहे, माझ्या हातचं त्याने खाल्लं, त्याचा फोटो म्हणजे माझा फोटो. ती ऐकून घ्यायची. हळूहळू ती आपल्या सख्ख्या बहिणीकडे जाईनाशी झाली, लग्नकार्याला तेवढी तोंडदेखली हजेरी. मला बरं वाटायचं. म्हणायचो, निदान बायको तरी आपल्या बाजूची.

तर आता बाईंनी विचारलं, आणि मी सांगितलं. पण जसं झालं तसं नाही सांगितलं. मी म्हणालो, क्रम माझा होता. मला आतून वाटलं होतं की सारखेपणानेच सूर लागतो, सारखेपणा मोडला पाहिजे. मी साडूला सांगून बघितलं, त्याने ऐकलं नाही, म्हणून मी माझ्या जबाबदारीवर पाकळ्या लावल्या आणि श्रेय तो घेऊन गेला. बोलता बोलता माझं मलाच पटत गेलं. शेवटी पिशवीतून जुना कागद काढून टेबलावर पसरला. त्याचं पहिलं चित्र, त्याची सही, तारीख, आणि त्यावर तो शाळकरी क्रम, लहान-मधली-मोठी. तेवीस वर्षं मी तो ट्रंकेत जपून ठेवला होता.

बाईंनी कागद उजेडात धरून सही आणि तारीख वाचली. म्हणाल्या, हे त्यांनाही विचारावं लागेल. पुस्तक महिनाअखेर छापायला जाणार, त्याआधी सोक्षमोक्ष लावते. मी म्हटलं, खुशाल विचारा. त्याने नाकारलं की मी समोर उभा राहून त्याला विचारणार होतो, की बाबा रे, तुझा शोध, तर आधीच्या कागदावर का नाही? एकदा छापलं की संपलं. छापलेलं खोटं लोक खरं धरून चालतात. माझं नाव यायचं तर या तीन आठवड्यांत, नाहीतर कधीच नाही.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. साडूने सगळं कबूल केलं होतं. माझ्याबद्दल म्हणाला होता, "पाकळ्या त्यानेच लावल्या, त्याचंच नाव लिहा, माझं काढलं तरी चालेल." बाईंनी प्रकरण नव्याने लिहायला घेतलं होतं आणि त्यांना माझा एक चांगला फोटो हवा होता.

मला आनंद व्हायला हवा होता. अंगाचा तिळपापड झाला. तेवीस वर्षं मी ज्या भांडणाची तयारी केली, ते त्याने दोन वाक्यांत मिटवून टाकलं. घ्या, न्या, माझ्याकडे आणखी आहे, असं म्हणून टाकल्यासारखं. हा माणूस हरतोसुद्धा माझ्यापेक्षा चांगला. मी चपला घातल्या आणि तडक त्याच्या घरी गेलो.

तिसऱ्या मजल्यावर राहतो. ताई, म्हणजे त्याची बायको, दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. तो खिडकीशी बसून चष्म्याचा बारीक स्क्रू पिळत होता. मी बसलो नाही. विचारलं, तुम्ही हो का म्हणालात? तो म्हणाला, पाकळ्या तू लावल्या होत्यास, त्यात हो-नाही काय. मी म्हटलं, मग इतकी वर्षं फोटोत कशाला उभे राहिलात?

त्याने चष्मा खाली ठेवला. शांतपणे सांगायला लागला, जसं काही कोणा तिसऱ्याचं चाललंय. साचा उघडला त्या दिवशी त्याच्या लक्षात आलं होतं की हे हाताने मुद्दाम केलंय. संध्याकाळी तो मला जाब विचारायला माझ्या घरी आला. माझी दुसरी पाळी होती, मी कामावर. दार बायकोने उघडलं. त्याने रागाच्या भरात सगळं तिला सांगून टाकलं, की उद्या साहेबांना कळवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या घरी गेली.

"तिने माझे पाय धरले," तो म्हणाला. "हिच्यासमोर. सोडेना. म्हणाली, दोन लहान लेकरं आहेत, त्यांची नोकरी जाईल, मी कुठे जाऊ. मग मी काय करणार होतो? साहेब विचारत होते हा क्रम कोणी ठरवला. माहीत नाही म्हटलं असतं तर चौकशी लागली असती, आणि चौकशी तुझ्यापर्यंत आली असती. म्हणून म्हणालो, मी."

नंतर लोक विचारायला लागले की या क्रमाने आवाज का जातो, तर त्याला सांगता येईना. तीन वर्षं पुस्तकं घेऊन बसला, तेव्हा कुठे कळलं. भाषणाच्या आदल्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही. त्याला वाटलं होतं, दोन-चार दिवसांत मी स्वतःच येऊन बोलेन. मग वाटलं, दोन-चार महिन्यांत. "परवा बाईंनी सांगितलं तू बोललास, तेव्हा मला बरं वाटलं," तो म्हणाला. "मग त्यांनी तू काय बोललास ते वाचून दाखवलं."

मी जिना उतरलो. पण खोटं का बोलू, त्या पायऱ्यांवरही माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे, की बघा, इथेही तोच मोठा.

घरी बायको वाळलेले कपडे घडी करत बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं मी कुठून आलो ते. मी म्हटलं, तू मला कधी सांगितलं का नाहीस? तिने हातातल्या शर्टाची घडी पुरी केली, मग बोलली.

"काय सांगायचं होतं? तुम्हाला माहीत नव्हतं का तुम्ही काय केलंत ते? मी वाट बघत होते, आज सांगाल, उद्या सांगाल. तुम्ही रोज ताटावर बसून त्यांच्या नावाने खडे फोडायचात आणि मी तुम्हाला वाढायचे. तुम्हाला वाटायचं मला पटतंय."

मी म्हटलं, मग बहिणीकडे जायचं का टाकलंस? मला वाटलं, माझ्यासाठी.

"तुमच्यासाठीच," ती म्हणाली. "ताईच्या दारात गेले की मला तो दिवस आठवायचा. ती कधी बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं कुठे? ती चहा द्यायची आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. माहेर तर आईबाबांबरोबर गेलंच होतं. होती ती एक बहीण."

एवढं बोलून ती कपडे घेऊन आत गेली. मी जेवलो नाही. तिने आग्रहही केला नाही.

सकाळी नऊच्या आत मी कॅन्टीनशेजारच्या खोलीत हजर. बाई नुकत्याच येऊन बसत होत्या. मी म्हटलं, तुमच्याकडे जे लिहिलंय ते खोटं आहे, खरं लिहा. आणि परात उलटी केल्यापासून सगळं सांगितलं. काहीही आतून वाटलं नव्हतं. ज्या हातांनी लावल्या त्यांना टायर बिघडवायचा होता. बाई लिहीत गेल्या. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, माझं नाव घालायचं का? घातलं तर हे सगळं घालावं लागेल. मी म्हटलं, घाला. सगळं घाला.

त्यांनी आणखी एकच विचारलं. "त्यांनी तुमचं काय वाईट केलं होतं?"

तोंड उघडलं, कारण उत्तर तयार होतं. तेवीस वर्षं ते जिभेवर होतं: त्याने माझा शोध चोरला. पण त्या विचारत होत्या त्याच्या आधीचं. मी आठवायला लागलो. नोकरी लावली. लेकीच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलमध्ये माझ्याआधी तो पोचला होता. खांद्यावर हात ठेवला. शेवटी मी म्हणालो, काही नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं.

दुपारी घरी येऊन मी बायकोला सांगितलं. कसं सांगितलं, काय सांगितलं, बाई काय म्हणाल्या, सगळं. पुस्तकात आता काय छापून येणार आणि नातेवाईक, शेजारीपाजारी, लेकीच्या सासरचे काय काय वाचणार, तेही. मला वाटलं ती घाबरेल, किंवा रडेल, किंवा म्हणेल चांगलं केलंत. ती नीट ऐकत होती. ऐकून झाल्यावर उठली, तोंड धुतलं, केस विंचरले, कपाटातली चांगली साडी काढून नेसली. म्हणाली, मी ताईकडे जाऊन येते. चला म्हणाली नाही.

मी थांबलो. चार वाजले, पाच वाजले. मी चहा करून घेतला, साखर कुठे ठेवलीय ते शोधण्यात दहा मिनिटं गेली. सहा वाजले. फोन करावा असं वाटलं, पण करून म्हणणार काय? माणूस बायकोला तिच्या बहिणीकडून परत मागतो का? साडेसहाला मात्र मला राहवेना. आणायला जातो असं स्वतःशीच म्हणत निघालो. वाटेत मनाशी ठरवत होतो काय बोलायचं ते. साडूला सांगायचं की झालं गेलं ते झालं, आता नाव तुमचंही राहील, माझंही. ताईंची माफी मागायची. हिला म्हणायचं, चल, उशीर झाला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आवाज ऐकू आले. तिसऱ्या मजल्यावरचं दार बंद होतं, पण त्यांची स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडते. साडू काहीतरी सांगत होता, त्याच्या त्या संथ आवाजात. ताई मध्येच काहीतरी बोलल्या. आणि मग कोणीतरी हसलं, असं खदखदून, श्वास अडकेपर्यंत, की मी कठड्याला धरून उभाच राहिलो. मला वाटलं शेजारची कोणी बाई आली असेल. मग परत हसली, आणि हसता हसता म्हणाली, अहो भावोजी, पुरे आता. तो माझ्या बायकोचा आवाज होता. लग्न झालं त्या वर्षी ती अशी हसायची. मी विसरून गेलो होतो.

पोटात जे पेटलं होतं ते मला ओळखीचं होतं, परातीच्या वेळचंच. माझ्या घरात तेवीस वर्षं ती हसली नाही, आणि याच्या घरात आली त्या दिवशी हसली. यानेच हसवलं. मी स्वतःला खूप सांगून बघितलं की आता तरी पुरे. मग उरलेल्या पायऱ्या चढून वर गेलो, शर्ट नीट केला आणि बेल वाजवली.

आतलं हसणं थांबलं.